उभं राहणं म्हणजे व्यायाम नव्हे
(रबाळे येथे कामगार स्त्रियांच्या बैठकीत केलेले भाषण)



पाळी सुटल्यावर तुम्ही थेट घरी न जाता इथे आलात. म्हणजे आज घरी कुणाचा तरी चहा तासभर लांबणार. लांबू दे.

व्यायाम हा विषय ठरला तेव्हा एकजण म्हणाली, “ताई, आठ तास उभं राहतो, घरी जाऊन धुणीभांडी करतो, आणखी कसला व्यायाम?” प्रश्न रास्त आहे. २०१९ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत दिसलं की घरकाम करणाऱ्या बाया त्यात रोज सरासरी २९९ मिनिटं घालवतात आणि घरकामाला हात लावणारे पुरुष ९७. तेव्हा आपल्याला आळशी म्हणणाऱ्याने आधी भांडी घासून यावं.

पण श्रम आणि व्यायाम एकच नाहीत. १९५३ साली जेरी मॉरिस या डॉक्टरांनी लंडनच्या बसकामगारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसभर बसून असणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा दुमजली बसचे जिने चढ-उतार करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होता. त्यांच्या कामात हालचाल होती. पॅकिंगच्या टेबलाशी एकाच जागी खिळून राहण्यात ती नाही. तिथे रक्त पायांत उतरतं, शिरा फुगतात, कंबर धरते. ऐरोलीला संगणकासमोर बसणारीचंही फार वेगळं नाही, फक्त तिची मान धरते.

जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम हालचाल आणि दोन दिवस स्नायूंना जोर देणारा व्यायाम सांगते. भरभर चालणं त्यात येतं. एका वेळी निदान दहा मिनिटं हवीत ही जुनी अट २०२० मध्ये गेली. आपल्यासाठी ही मोठी सोय आहे, कारण आपल्याला वेळ मिळतो तोच तुकड्यातुकड्यांनी. लाइन थांबली की टाचा वीस वेळा उचला. डबा खाऊन झाला की हात न टेकता दहा वेळा खुर्चीवरून उठा-बसा. भिंतीला हात लावून जोर काढा. स्टेशनपर्यंत शेअर रिक्षा न करता चौघी मिळून चला. गुडघा दुखत असेल, बाळंतपण नुकतंच झालं असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

एकटीचा निश्चय चार दिवस टिकतो, हे मी फार वेळा पाहिलंय. दार वाजवायला मैत्रीण आली की पाय आपोआप निघतात. आणि मंगळागौरीची फुगडी-झिम्मा का विसरता? दोन मिनिटांत घाम फुटतो, साडी चालते, पैसा लागत नाही. पूजा करा न करा, खेळ आपलाच आहे. आमच्या गटात तर सगळ्यांत जास्त हसू तेव्हाच येतं.

मात्र टाचा उचलायला दोन मिनिटं थांबलं की सुपरवायझरच्या कपाळाला आठ्या पडतात. म्हणून हा विषय नुसता मनाच्या उभारीचा नाही, हक्काचा आहे. उभ्याने काम करणाऱ्यांना संधी मिळेल तेव्हा बसता यावं म्हणून सोय हवी, असं १९४८ च्या कारखाने कायद्याच्या ४४ व्या कलमात होतं. दुकानांत काम करणाऱ्या बायांनी केरळमध्ये बसण्याच्या हक्कासाठी लढा दिला आणि २०१८ मध्ये तिथला कायदा बदलून घेतला. तामिळनाडूने २०२१ मध्ये तसंच केलं. बसायला मिळणं आणि हलायला मिळणं, दोन्ही एकाच मागणीत येतात.

दुसरं रस्त्याचं. “चाला” म्हणणं सोपं आहे. संध्याकाळी एमआयडीसीच्या रस्त्यावर फुटपाथच्या कडेला ट्रक लागलेले, मध्येच दिवा बंद, तिथून एकटी बाई कशी चालणार? तिला रिक्षा करावीच लागते. या आठवड्यात कारखान्यापासून स्टेशनपर्यंत जोडीजोडीने चला आणि बंद दिव्यांच्या खांबांचे नंबर लिहून आणा. पुढच्या बैठकीत अर्जाचा कागद मी घेऊन येते, सह्या तुम्ही करा.