रात्रीपुरती जागा

श्रोतेहो, ‘बर्थ’ हा शब्द आपल्याला रेल्वेनं शिकवला. शिडाच्या होडीतून भटकणाऱ्यांचा बर्थ मात्र पाण्यावरचा असतो. मरीना म्हणजे लहान होड्यांचं बंदर. तिथे तरंगते धक्के असतात आणि दोन धक्क्यांमध्ये एकेका होडीचा खण. पाणी आणि वीज हाताशी. भूमध्य समुद्राच्या काठाला अशा मरीना जागोजागी आहेत. पोचण्याआधी रेडिओवरून विचारायचं, जागा आहे का? पलीकडून तीन प्रश्न येतात: होडी लांब किती, रुंद किती, पाण्याखाली खोल किती?

आपल्याकडे कोचीला बोलगट्टी बेटावर मरीना बांधली गेली. मुंबईत रॉयल बॉम्बे यॉट क्लब १८४६ पासून आहे. पण गेटवेसमोरच्या होड्या धक्क्याला नव्हे, पाण्यातल्या बोयांना बांधलेल्या दिसतात. तिथून दक्षिणेला निघालात, की रात्रीची जागा खाड्यांमध्येच शोधायची. राजपुरी, दाभोळ, जयगड, विजयदुर्ग. माझे आजोबा गलबतावर तांडेल होते, त्यांचेही मुक्काम हेच.

काही वर्षांपूर्वी एका मित्राच्या सव्वीस फुटी होडीतून मी मुंबईहून रत्नागिरीला निघालो. महिना जानेवारीचा. सकाळी जमिनीवरून मतलई वारा, दुपारनंतर वायव्येचा, तोही पाठीशी. प्रवास मजेत चालला होता. तिसऱ्या दिवशी जयगडच्या तोंडाशी आलो आणि इंजिन बंद पडलं. वाराही मंदावू लागला. सूर्य बुडायला आला होता. उरल्यासुरल्या वाऱ्यावर आम्ही कसेबसे आत शिरलो.

खाडीत मच्छीमार बोटींची दाटी. काठाजवळ एक मोकळी जागा दिसली. मित्रानं खोली मोजली, सात फूट. आमच्या होडीला पाणी लागे साडेचार फूट. आम्ही खुशीत नांगर टाकला. एवढी जागा रिकामी का, हा प्रश्न दोघांनाही पडला नाही.

तेवढ्यात जवळच्या बोटीवरून एक म्हातारा ओरडला, “ओ भाऊ, तिथं नको! आज तिथ कुठली?”

मी आठवून म्हणालो, “सप्तमी.”

“मग पाऊणकी म्हणा!”

लहानपणी आजोबांनी शिकवलेला हिशेब एका क्षणात परत आला. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते. सातची पाऊणपट सव्वापाच. म्हणजे आम्ही जे सात फूट मोजले, ते ऐन भरतीचं पाणी. मध्यरात्रीच्या आधी ओहोटीनं चार फूट उतरलं असतं आणि होडी गाळात बसून कलंडली असती. आजोबा तिथीऐवजी चांदाची तारीख धरायचे. चंद्र एकच, त्यामुळे उत्तरात फारसा फरक पडत नसे. मी या समुद्रावर कविता लिहिल्या, पण पाऊणकी विसरलो होतो.

नांगर उचलला, पण इंजिनाशिवाय जायचं कुठे? म्हाताऱ्यानं दोर फेकला. विचारलं एवढंच, “लांब किती? पाणी किती लागतं?” मग आपल्या बोटीच्या कडेला जुने टायर लावले आणि आमची होडी ओढून शेजारी बांधून घेतली. “आम्ही पहाटे चारला निघणार. तेव्हा जागं व्हायचं,” एवढी एकच अट.

श्रोतेहो, शहरात भाड्याची खोली शोधताना माझं नाव ऐकल्यावर “घरच्यांना विचारून कळवतो” असं म्हणणारे मालक मी पाहिले आहेत. कळवलं कुणीच नाही. त्या रात्री मात्र माझं नाव कुणी विचारलंच नाही. पहाटे दोर सोडताना मी आपण होऊन सांगितलं, आजोबांचंही सांगितलं. म्हातारा हसला. म्हणाला, “तांडेलाचे नातू, आणि भरतीला नांगर टाकता?”

मला ओशाळल्यासारखं झालं, आणि बरंही वाटलं.

कोकणात उद्या मरीना होतील, व्हाव्यातही. त्या बांधताना या मच्छीमार बोटींची जागा मात्र जाऊ नये. आमची ती रात्र त्यांच्याच आधारानं निभावली.