कुलूप पक्कं, पण नाव वाचलं का?

मी तुमच्या बचत गटांची सहयोगिनी. दर वेळी मी हप्ते आणि नोंदवह्या यांवर बोलते. आज साठ रुपयांची गोष्ट सांगणार आहे.

गेल्या हिवाळ्यात आमच्या एका गटासोबत मी शहरातल्या प्रदर्शनाला गेले. छोटा हत्ती भरून पापड, कुरडया, शेंगदाण्याची चटणी. माल उतरवला, पण गाडी लावायला जागा मिळेना. तीन चकरा मारल्यावर पैसे भरून गाडी लावायचं एक पार्किंग सापडलं. तिथे खांबावर काळ्या-पांढऱ्या चौकटींचा क्यूआर कोड चिकटवलेला. वर लिहिलेलं, ‘पार्किंगचे पैसे इथे भरा’. मी घाईघाईत मोबाइल धरला, साठ रुपये टाकले आणि स्टॉलकडे पळाले.

संध्याकाळी पावतीवाला मुलगा म्हणाला, “ताई, तुमचे पैसे आलेच नाहीत.” मी मोबाइल दाखवला. तो म्हणाला, “हे नाव आमचं नाही.” नीट पाहिलं तर मूळ कागदावर कोणीतरी आपला कागद चिकटवून गेलेलं. साठ रुपये पुन्हा भरले.

खरी अडचण पुढच्या बैठकीत आली. गटाच्या कोषाध्यक्ष काकू म्हणाल्या, “तू बीए झालेली. तूच फसलीस, तर आमचं काय? आता स्टॉलवर रोखच घ्यायची. त्या मशीनचं कुलूप कच्चं आहे.” बाकीच्यांनीही माना डोलावल्या. पण शहरातलं गिऱ्हाईक सुटे पैसे घेऊन फिरत नाही. ‘रोखच द्या’ म्हटलं की ते पुढच्या स्टॉलवर जातं. म्हणजे साठ रुपयांच्या भीतीने गटाचा धंदा बुडायची वेळ आली. म्हणून मी नीट समजून घ्यायचं ठरवलं. खरंच कुलूप तुटलं होतं का?

मैत्रिणींनो, मोबाइलवरून पैसे पाठवताना आपला पिन उघडा जात नाही. तो फोनमध्येच कुलूपबंद होतो. याला एन्क्रिप्शन म्हणतात. पूर्वी गुप्त निरोप पाठवायचा तर दोघांकडे एकसारखी किल्ली लागायची. पण ती किल्ली दुसऱ्यापर्यंत पोचवायची कशी? वाटेत चोराने तिची नक्कल केली तर?

यावर अमेरिकेतल्या रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन या तिघांनी १९७७ साली एक युक्ती काढली. असं समजा, बँकेने सगळ्यांना उघडी कुलपं वाटली. कुलूप दाबून बंद करायला किल्ली लागत नाही, ते कोणालाही जमतं. उघडायची किल्ली मात्र एकट्या बँकेकडे. किल्ली कुठे पाठवायचीच नाही, तर चोरी कशाची होणार?

हे कुलूप लोखंडाचं नाही, आकड्यांचं असतं. १७ गुणिले २३ किती? वहीवर मिनिटात ३९१ येतात. आता उलटं विचारते. कोणत्या दोन संख्या गुणल्या की ३९१ येतात? नववीतली मुलगीसुद्धा तीनने भागून बघेल, सातने भागून बघेल, अकराने बघेल. वेळ लागतो. गुणाकार म्हणजे उघडं कुलूप, तो सगळ्यांना दिला तरी चालतो. त्यामागच्या दोन संख्यांत किल्ली दडलेली. खऱ्या कुलपात हा गुणाकार सहाशेहून जास्त आकडी असतो. तो फोडणं आजच्या मोठमोठ्या कंप्युटरलाही जमलेलं नाही.

मग माझे साठ रुपये गेले कसे? कुलूप तुटलंच नव्हतं. मीच पेटीला पक्कं कुलूप लावलं आणि चुकीच्या पत्त्यावर पाठवून दिली.

क्यूआर कोड हे कुलूप नाही. तो नुसता पत्ता आहे, चौकटींच्या लिपीत लिहिलेला. १९९४ मध्ये जपानमध्ये तो निघाला, तो गाड्यांच्या कारखान्यातले सुटे भाग ओळखण्यासाठी. आपल्या डोळ्यांना सगळे कोड सारखेच दिसतात आणि कोणीही छापून चिकटवू शकतं. २०२२ च्या सुरुवातीला अमेरिकेतल्या ऑस्टिन शहरात रस्त्यावरच्या पार्किंग मीटरवर असेच खोटे कोड चिकटवलेले सापडले. त्या शहरात पार्किंगचे पैसे कोडने घेतच नव्हते, तरी लोकांना फसवायला ते लावलेले. म्हणजे शिकलेला-अडाणी असा हा प्रश्न नाही. घाई असली की कोणीही फसतं.

पत्ता तपासायची जागा एकच आहे. कोड स्कॅन केला की पडद्यावर नाव येतं. तिथे थांबायचं, नाव मोठ्याने वाचायचं, समोरच्याला विचारायचं, “हेच का तुमचं नाव?” मगच पिन टाकायचा. आणि पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच नाही. ‘पैसे पाठवतोय, पिन टाका’ असं कोणी म्हणालं, तर तो तुमच्याकडून पैसे काढतोय.

आता आपल्या स्टॉलचं बघा. आपल्या कोडवरही कोणी कागद चिकटवू शकतं. रोज सकाळी गटातल्या एकीने दुसऱ्याच्या मोबाइलवरून आपला कोड स्कॅन करून नाव बघावं. गिऱ्हाइकाने दाखवलेल्या पडद्यावर जाऊ नका, पैसे खात्यात आल्याचं बघूनच माल द्या. आणि काही गटांत काकूंच्या मुलाचा कोड लावलेला असतो, ते बंद करा. गटाचा कोड गटाच्याच खात्याचा हवा. नाहीतर गिऱ्हाइकाने नाव वाचून तरी काय ओळखायचं?

एवढं करून फसवणूक झालीच, तर लाजून गप्प बसू नका. लगेच १९३० या नंबरवर फोन करा आणि बँकेला कळवा. जितकं लवकर कळवाल, तितकी पैसे अडवायची शक्यता जास्त. मी साठच रुपये म्हणून कळवलं नाही. माझ्यानंतर त्या खांबापाशी आणखी कितीजण फसले असतील, याची खंत मला आजही आहे.

काकूंनी स्टॉलवरचा कोड काढला नाही. आता त्याच रोज सकाळी तो तपासतात आणि नाव सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचतात. तुमच्या पुढच्या बैठकीतही एवढं एक काम करा. गटाचा कोड मध्ये ठेवा, प्रत्येकीने स्कॅन करून नाव वाचा. ज्यांना वाचता येत नाही, त्यांच्याशेजारी वाचता येणारी बसवा.

येते. नमस्कार.