पाण्यात गुदमरलेला मासा

मासळीबाजारात घमेल्यातल्या वीतभर पाण्यातही मरळ जिवंत असते, कारण ती तोंड वर काढून हवा घेते. गुरामी आणि फायटर हे मासेही तसेच. त्यांच्या कल्ल्यांच्या वर भूलभुलैयासारखा घड्यांचा एक अवयव असतो, तो हवेतला प्राणवायू शोषतो. म्हणूनच २६ जुलै २००५च्या पुरात डोंबिवलीत वीज गेली, हवेचा पंप थांबला, तेव्हा आमचे गोल्डफिश दगावले, गुरामी मात्र वाचली.

पुढे घोटाळा मीच केला. ती उडी मारेल म्हणून टाकी काठोकाठ भरली, वर काच घट्ट बसवली. सकाळी गुरामी मेलेली! मासा पाण्यात गुदमरला, हे शेजाऱ्यांना काही पटेना.

आता पाण्यावर चार बोटं जागा मोकळी सोडतो, झाकणालाही फट ठेवतो.