माणूस शेवटचा धड कधी दिसला?

चाकणच्या कारखान्यात रात्रपाळीत कुणाचं तोंड अचानक वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलणं अडखळलं, तर तो पक्षाघात असू शकतो. ‘झोप झाली नसेल’ म्हणून त्याला बाकावर झोपवून ठेवू नका. पाणी, चहा, गोळी काहीही देऊ नका. ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. माणूस शेवटचा धड कधी दिसला, ती वेळ लिहा आणि 108 ला फोन करा. मेंदूच्या रक्तवाहिनीतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात, तेही सीटी स्कॅननंतर. त्यात चाकण चौकातली कोंडी! चोवीस तास सीटी स्कॅन होणारं जवळचं रुग्णालय प्रत्येक कारखान्याने आधीच हेरून ठेवायला हवं.

वेळेचं हेच भान घरातही हवं. आजी ओल्या फरशीवर घसरते, खुब्याचं हाड मोडतं. ‘या वयात ऑपरेशन कशाला?’ हे ऐकलं की जीव तुटतो. अंथरुणाला खिळलं की न्यूमोनिया होतो, पाठीला जखमा होतात. शक्यतो दोन दिवसांत शस्त्रक्रिया आणि दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभं राहणं, हेच हिताचं. पिंपरीत महापालिकेच्या यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयात अस्थिरोग विभाग आहे. मात्र घरी परतल्यावर, मुलगा-सून दोघं पाळीला गेले की व्यायाम थांबतो. म्हणून डिस्चार्जआधीच फिजिओथेरपिस्टकडून व्यायाम घरच्या दोघातिघांनी शिकून घ्यावेत.