आंकड्यामागचें माप

मोटार हांकणाऱ्याच्या पुढ्यांत एक तबकडी असते व तींत एक कांटा फिरत असतो. गाडीचा वेग त्या कांट्यावरून कळतो, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु कांटा दाखवितो तो केवळ आंकडा. तो मैलांचा कीं किलोमीटरांचा हें ठाऊक नसेल, तर त्याचा अर्थ अर्धाच कळला असें म्हटलें पाहिजे.

एक मैल म्हणजे सुमारें १.६ किलोमीटर. एवढ्याशा फरकानें काय बिघडतें, हें पाहावयाचें असल्यास आयर्लंडकडे पाहावें. या एकाच बेटावर दोन राज्यें नांदतात. उत्तर आयर्लंड ब्रिटनच्या राज्यांत मोडतें व तेथें वेगाची मर्यादा आजही मैलांत लिहितात. दक्षिणेच्या प्रजासत्ताकानें मात्र २० जानेवारी २००५ रोजीं वेगमर्यादेच्या पाट्या किलोमीटरांच्या केल्या. सीमेवर गाडी अडविणारें नाकें नाहीं. शेतांमधून जाणारा रस्ता एका राज्यांतून दुसऱ्यांत केव्हां शिरला, हें नवख्यास उमगतही नाहीं. दक्षिणेच्या पाटीवर आंकड्याखालीं मापाचीं अक्षरें असतात. उत्तरेच्या पाटीवर नुसता आंकडा असतो.

समजा, उत्तरेकडील एक गृहस्थ मैल दाखविणारी गाडी घेऊन दक्षिणेंत आला. गांवाच्या वेशीपाशीं त्यास ५० ची पाटी दिसली. त्यानें कांटा ५० वर आणला व कायदा पाळल्याचें समाधान मानलें. प्रत्यक्षांत गाडी ताशीं ८० किलोमीटर वेगानें धांवत असते! वेग वाढला दीडपटीहून थोडा अधिक. पण धक्क्याचा जोर वेगाच्या वर्गाप्रमाणें वाढतो, म्हणून तो अडीचपटीच्याही वर जातो. ब्रेक दाबल्यापासून गाडी थांबेपर्यंतचें अंतरही त्याच मानानें वाढतें. ही गणिताची चूक वहींत राहत नाहीं. रस्ता ओलांडणाऱ्या एखाद्या मुलाच्या अंगावर येते. दक्षिणेकडील माणसानें उत्तरेंत उलट चूक केली, तर तो फार तर मागच्या गाड्यांचा खोळंबा करील.

वाहनांविषयींच्या संयुक्त राष्ट्रसंघाच्या ३९ व्या नियमानुसार कांट्यानें खऱ्या वेगाहून कमी वेग कधींही दाखवूं नये. अधिक दाखविला तर तो खऱ्या वेगाचा दहावा भाग व ताशीं ४ किलोमीटर, एवढ्याच मर्यादेंत असावा. कांट्याच्या चुकीचा असा बंदोबस्त झाला आहे. वाचणाऱ्याच्या चुकीचा मात्र त्यानें होत नाहीं. ब्रिटनमधील बहुतेक गाड्यांच्या तबकडीवर मोठ्या अक्षरांत मैल व बारीक अक्षरांत किलोमीटर असे दुहेरी आंकडे असतात. पण ते बारीक आंकडे ऐन वेळीं पाहण्याची आठवण हांकणाऱ्यासच ठेवावी लागते.

ऑस्ट्रेलियानें १९७४ सालीं व कॅनडानें १९७७ सालीं रस्त्यावरील मैल सोडले. अमेरिकेनें ते राखले आहेत. भारतांत १९५६ च्या कायद्यानें दशमान मापें आलीं आणि कालांतरानें रस्त्यांवरून मैल गेले. मराठींतला मैलाचा दगड मात्र जागचा हलला नाहीं. भाषेंत तो खुशाल राहो. परमुलखांत गाडी हांकणाऱ्यानें मात्र पाटीवरचा आंकडा वाचण्याआधीं त्याचें माप विचारावें.