मिरगी, फेफरे आणि घेरी : लपविल्याने वाढणारे दुखणे

(पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)





मला दिलेला विषय आजाराचा आहे आणि मी डॉक्टर नव्हे, बी.ए., बी.एड. झालेला एक शिक्षक आहे. परंतु या आजाराची पहिली खूण दवाखान्यात दिसत नाही. ती घरात दिसते किंवा वर्गात दिसते. म्हणून शिक्षकाने यावर बोलणे अगदीच अप्रस्तुत होणार नाही.

आपल्या घरांत याला मिरगी म्हणतात, खेड्यांत फेफरे म्हणतात, शिकलेल्या घरांत ‘फिट’ म्हणतात आणि वैद्यकाच्या ग्रंथांत अपस्मार. नावे निरनिराळी, पण नाव घेताना आवाज खाली जातो हे सगळीकडे सारखेच. साखरेचा विकार आपण चहाच्या टपरीवर सांगतो. मिरगी सख्ख्या मामूलाही सांगत नाही. माझे आजचे म्हणणे एवढेच आहे की, या दुखण्यात झटक्याने जेवढे नुकसान होते त्याहून अधिक ते लपविल्याने होते.

प्रथम आजार काय आहे ते पाहू. मेंदूतील पेशी सूक्ष्म विजेच्या साह्याने एकमेकींशी बोलतात. आपल्या दौंड जंक्शनच्या यार्डात सगळे सिग्नल एकाच वेळी वाटेल तसे पडू लागले तर काय गोंधळ होईल, तसा गोंधळ मेंदूत क्षणभर उडतो, त्यालाच झटका म्हणतात. यात बाहेरची बाधा नाही, जिन नाही, कोणाची नजर नाही. सुमारे 2400 वर्षांपूर्वी ग्रीक वैद्य हिपोक्रेटिसच्या परंपरेतील ग्रंथाने हा दैवी कोप नसून मेंदूचा विकार आहे असे सांगितले. आपल्या चरकसंहितेत अपस्माराचे प्रकरण आहे, आणि इब्न सिना यांनी ‘अल-कानून’ या ग्रंथात त्याचा विचार मेंदूच्या विकारांत केला आहे. हजार वर्षांपूर्वी आपल्याच हकिमांनी ओळखलेली गोष्ट आज आपण ताईतात शोधावी, हे मला तरी समजत नाही. दुवा जरूर मागा. दुवेला कोण नको म्हणेल? पण दुवा मागताना गोळी बंद करू नका.

प्रत्येक झटक्यात माणूस खाली पडून हातपाय झाडतोच असे नाही. काही मुले नुसती पाच-दहा सेकंद थबकतात. हातातले लिहिणे थांबते, नजर एका जागी खिळते, पापण्या किंचित फडफडतात आणि लगेच मूल पुन्हा लिहू लागते, मधले शब्द गाळून. हे दिवसातून अनेकदा होऊ शकते. घरचे म्हणतात, अभ्यासात लक्ष नाही. शाळा म्हणते, मूल मंद आहे. शुद्धलेखनाच्या वहीत अशी तुटलेली वाक्ये पुन्हा पुन्हा दिसली, तर मी आधी डॉक्टरांकडे पाठवा असे सांगतो. शिक्षा केल्याने मेंदूतील वीज थांबत नाही.

दुसरीकडे, पडणारे प्रत्येक मूल मिरगीचे नसते, हेही तितकेच खरे. पंधरा ऑगस्टला उपाशीपोटी उन्हात उभे राहिलेले मूल कोसळते, ती बहुधा साधी घेरी असते. डोळ्यांपुढे अंधारी येते, घाम फुटतो, चेहरा पांढरा पडतो आणि अंग सैल होऊन मूल खाली बसते. अशा वेळी हातपाय एक-दोनदा उडूही शकतात, म्हणून बघणारे फसतात. पण आडवे निजवून पाय थोडे वर धरले की मूल मिनिटाभरात शुद्धीवर येऊन बोलू लागते. मिरगीच्या मोठ्या झटक्यात अंग प्रथम ताठ होते, जीभ कडेला चावली जाते, कधी लघवी होते, आणि नंतर बराच वेळ मूल गोंधळलेले, झोपाळू राहते. मात्र धावताना किंवा खेळताना कोणी अचानक बेशुद्ध पडले, किंवा घराण्यात तरुणपणी अकस्मात मृत्यू झालेला असेल, तर ती घेरी साधी समजू नये. हृदयाची तपासणी करून घ्यावी. लहान मुलांना कडक तापात येणारी आकडी ही आणखी वेगळी गोष्ट. सहा महिने ते पाच वर्षे या वयात ती येते आणि बहुतेक मुलांना पुढे मिरगी होत नाही. तरी पहिल्या वेळी दवाखाना गाठावाच.

झटका आला की भोवतालचे लोक काय करतात? कोणी चप्पल हुंगवतो, कोणी कांदा फोडतो, कोणी मुठीत किल्ल्या देतो, कोणी दातांत चमचा घालतो. झटका बहुधा दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतो आणि श्रेय चपलेला जाते! चमच्याने दात तुटतात, आणि तोंडात ओतलेले पाणी श्वासनलिकेत जाते. करावयाचे ते अगदी थोडे आहे. जवळचे दगड, स्टोव्ह, टोकदार वस्तू दूर करा. डोक्याखाली घडी केलेला कपडा ठेवा, गळ्याचे बटण सैल करा. झटके थांबू लागताच कुशीवर वळवा, म्हणजे लाळ बाहेर पडेल. हातपाय दाबून धरू नका. घड्याळ पाहा. पाच मिनिटे झाली तरी थांबत नसेल, किंवा शुद्ध येण्यापूर्वी दुसरा झटका आला, तर 108 ला फोन करा. आजकाल प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे. घरच्यांपैकी एकाने झटक्याचे चित्रण करून डॉक्टरांना दाखविले तर निदानाला फार मदत होते. बाकीच्यांनी मोबाईल खिशातच ठेवावा.

येथे एक हदीस आठवते. सहीह बुखारीत मिरगी असलेल्या एका स्त्रीचा प्रसंग आहे. ती हजरत पैगंबर (स.) यांच्याकडे आली, आपले दुखणे तिने स्वतःच्या तोंडाने सांगितले, झटक्यात आपले अंग उघडे पडते हे तिचे दुःख होते, आणि तसे होऊ नये म्हणून तिच्यासाठी दुवा केली गेली. तिला कोणी हाकलले नाही, तिच्यावर शैतानाचा आळ घेतला नाही. आपल्या समोर एखादी मुलगी पडली तर आधी तिच्यावर ओढणी टाका आणि गर्दी हटवा.

कारणांविषयी एकच गोष्ट विस्ताराने सांगतो, कारण तिच्याबाबत आपल्या मोहल्ल्यांत मोठा गैरसमज आहे. भारतात झटके येण्याचे एक महत्त्वाचे कारण म्हणजे मेंदूत जाऊन बसलेल्या पट्टकृमीच्या अळ्या. हा कृमी डुकराच्या मांसातून येतो असे ऐकले की आपले लोक म्हणतात, “मग आम्हांला भीती नाही.” तसे नाही. ते मांस खाणाऱ्याच्या आतड्यात कृमी वाढतो. पण मेंदूत जातात त्या अळ्या कृमीच्या अंड्यांतून निघतात, आणि ही अंडी त्या माणसाच्या विष्ठेतून माती, पाणी व भाजीपाल्यावर येतात. म्हणून जन्मात ते मांस न शिवलेल्या मुसलमानाला आणि शुद्ध शाकाहारी ब्राह्मणालाही हा आजार होतो. कोथिंबीर, मुळा, गाजर कच्चे खाण्यापूर्वी स्वच्छ पाण्याने नीट धुणे, शौचाहून आल्यावर साबणाने हात धुणे आणि उघड्यावर शौच टाळणे हाच उपाय.

आता उपचार. जगात सुमारे 5 कोटी लोकांना मिरगी आहे आणि योग्य औषधाने त्यांतील सुमारे 70 टक्के लोकांचे झटके थांबू शकतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. फेनोबार्बिटोन हे औषध 1912 पासून वापरात आहे, फेनिटॉइन 1938 पासून. त्यानंतर अनेक चांगली औषधे आली. अट एकच, गोळी रोज, ठरल्या वेळी. दोन-तीन वर्षे झटका आला नाही तर डॉक्टर ती हळूहळू कमी करण्याचा विचार करतात. आपण होऊन एकदम बंद केली, तर एकामागून एक झटके येऊन जीवावर बेतते. पुण्याला ससूनसारखे सरकारी रुग्णालय आहे. दौंडहून सकाळच्या गाडीने जाऊन संध्याकाळी परतता येते.

आणि येथेच लपविणे आडवे येते. मुलीचे लग्न ठरते, सासरी काही सांगितलेले नसते, गोळ्या कपड्यांच्या बॅगेत तळाशी जातात. नव्या घरात सगळ्यांच्या देखत गोळी घ्यायची कशी? ती चुकते. त्यात जागरण, आणि जागरण झटक्याला आमंत्रणच असते. मग जे घडू नये म्हणून लपविले, तेच चार माणसांत घडते आणि फसविल्याचा बोल वर येतो. कायदाही आता बदलला आहे. हिंदू विवाह कायद्यात आणि विशेष विवाह कायद्यात वारंवार येणारी मिरगी हा विवाहाला बाध होता. 1999 च्या दुरुस्तीने तो शब्द काढून टाकला. मुस्लिम विवाहविच्छेदाच्या 1939 च्या कायद्यात तर कारणांच्या यादीत मिरगी कधी नव्हतीच. बोलणी होतानाच सांगावे. पुण्यात यशोदा वाकणकर यांनी, स्वतः हे दुखणे सोसून, संवेदना फाउंडेशन ही संस्था उभी केली. तेथे रुग्ण व पालक एकत्र बसून उघडपणे बोलतात, आणि अशा मुलामुलींची लग्नेही जुळविली जातात. लग्नानंतर मूल हवे असेल तर आधीच डॉक्टरांशी बोलावे, कारण व्हॅल्प्रोएटसारखे औषध गर्भाला अपाय करू शकते. मात्र तेव्हाही स्वतःच्या मनाने गोळी सोडू नये.

रमजानविषयी पालक विचारतात. आजारी माणसाला रोजातून सवलत कुरआनमध्येच दिलेली आहे. काहींना सहरी व इफ्तार अशा दोन वेळा औषध बसविता येते, पण ते डॉक्टरांनी ठरवावयाचे.

विद्यार्थी मित्रहो, काही बंधने पाळावी लागतील. भीमेत किंवा विहिरीत एकट्याने पोहू नये, लोकलच्या दारात बसू नये, चुलीपाशी एकटे राहू नये. वाहन परवान्याच्या अर्जात मिरगीविषयी प्रश्न असतो, त्याचे खरे उत्तर द्यावे; रेल्वेत इंजिनचालक होता येणार नाही. आपल्या गावात हे शेवटचे वाक्य अनेकांना लागेल, याची मला कल्पना आहे. पण अध्यापन, हिशेब, संगणक, शिवणकाम, दुकानदारी सगळे खुले आहे. 1992 च्या विश्वचषकात इंझमामला धावबाद करण्यासाठी यष्ट्यांवर झेपावलेला जाँटी ऱ्होड्स तुम्ही पाहिला असेल. त्यालाही मिरगी आहे, आणि तो ते उघड सांगतो.

पालकांना शेवटी एक विनंती. शाळा उघडताच वर्गशिक्षकांना भेटून एका कागदावर मुलाच्या औषधाचे नाव, वेळ, झटका कसा येतो ते आणि आपला फोन नंबर लिहून द्यावा. कागदाची दुसरी प्रत मुलाच्या दप्तरात असू द्यावी. वर्गातील दोन मित्रांनाही काय करावयाचे ते शिकवून ठेवू. मुले हे मोठ्यांपेक्षा लवकर शिकतात.