वाळूच्या बेटावरचं भय

भयकथा म्हटलं की भूत, हडळ, पडका वाडा आठवतो. इंग्लिश लेखक अल्जरनॉन ब्लॅकवुड यांच्या १९०७ सालच्या ‘द विलोज’ या दीर्घकथेत यातलं काहीच नाही.

दोन मित्र होडीतून डॅन्यूब नदीच्या प्रवासाला निघतात. व्हिएन्ना मागे पडल्यावर ते पुरानं वेढलेल्या एका वाळूच्या बेटावर मुक्काम करतात. सभोवार विलोची दाट झुडपं. बेटाचे काठ ढासळत जातात. एक वल्हं नाहीसं होतं, होडीला चीर पडते, वाळूत नरसाळ्याच्या आकाराचे खड्डे दिसतात. हे करणारं कोण, ते लेखक उघड दाखवत नाही. माझ्या मते हीच या कथेची ताकद. नदी, वारा, वाळू यांवर आपला विश्वास बसला, की ब्लॅकवुड त्यांनाच परकं करून टाकतात.

भयकथेचे मोठे लेखक एच. पी. लव्हक्राफ्ट यांनी ही कथा फार श्रेष्ठ मानली. मराठी भयकथाकार नारायण धारपांच्या वाचकांना तर अज्ञात शक्तींचं हे जग जवळचं वाटेल. उतारवयात ब्लॅकवुड बीबीसी रेडिओवर कथा सांगत. ही कथा जरूर वाचा, आणि त्यांच्याप्रमाणेच शक्यतो मोठ्यानं, कुणाला तरी ऐकवत वाचा.